डबा राहू दे, दुपारी पोराला कोण धरतंय ते बघा

वाचक ताईंचं पत्र थोडक्यात:

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई गावच्या महिला संघाच्या सेक्रेटरी आहेत. गावापासून वर, पाऊण तास चालून गेलं की गवळी धनगरांचा वाडा लागतो. तिथल्या तीन वर्षांखालच्या नऊ मुलांची नावं अंगणवाडीच्या तक्त्यात लाल रंगात आली, म्हणून संघाने वर्गणी काढली. गणपतीला गोव्याहून, मुंबईहून आलेल्या गावकऱ्यांनीही हात सैल सोडला. दर महिन्याला प्रत्येक मुलामागे प्रोटीन पावडरचा एक डबा, असं चार महिने चाललं. परवा वजनं केली तर दोनच मुलं वाढलेली दिसली. ताई घरोघर फिरल्या. एका घरात डबा न फोडता फळीवर ठेवलेला, एका घरात आजोबाच पावडर घेत होते, आणि एका घरच्यांनी डबा दुकानात देऊन साखर-चहापत्ती आणली होती. संघातल्या बायका आता म्हणतात, ‘ज्यांना आपल्या पोरांची काळजी नाही, त्यांच्यासाठी आपण का मरायचं?’ त्यातच वाड्यावरची एक तरुण आई ताईंना तोंडावर म्हणाली, ‘डबा र्‍हाऊ दे अक्का, दुपारचं पोराला कोण धरतंय तेवढं बघा की.’ ताईंना ते फार लागलं. अंगणवाडीच्या बाई कन्नड बोलतात, नोंदी सगळ्या कन्नडमध्ये, वाड्यावरच्या बायकांना त्यातलं काही कळत नाही, अशीही त्यांची तक्रार आहे. त्या विचारतात: डबे चालू ठेवायचे की बंद करायचे? ठेवायचे तर कोणती पावडर चांगली? की अंगणवाडीचा नाद सोडून आपलंच एक केंद्र काढायचं?

नमस्कार ताई,

पावडरचं पुढे बोलू. आधी त्या तरुण आईचं. तिचं वाक्य तुम्ही उर्मटपणाचा नमुना म्हणून लिहिलं आहे. मला ते तसं वाटत नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा वाड्यावरच्या कुणीतरी तुम्हाला आपली खरी अडचण सांगितली, तीही देणाऱ्याच्या तोंडावर, डबा बंद होईल ही भीती बाजूला ठेवून. तुमच्यावर थोडा तरी विश्वास बसल्याशिवाय ती असं बोलली नसती.

ती काय मागते ते नीट बघा. दहा महिन्यांच्या बाळाचं पोट एका वाटीत भरतं. त्याला मोठ्या माणसासारखं दोन वेळा जेवून भागत नाही. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाच्या जोडीला दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, आणि वर्षाच्या पुढे मधेमधे आणखी एक-दोनदा त्याच्या पोटात काहीतरी घट्ट जावं लागतं. एकेका वेळेला अर्धा तास मोडतो. मूल तोंड फिरवतं, थुंकतं, रांगत पळतं, अर्ध्यात झोपून जातं. कुणीतरी त्याला मांडीवर घेऊन, बोलत-खेळवत भरवावं लागतं. घरात धान्य असलं आणि हा माणूस नसला, तरी मूल वाळतं.

आता वाड्यावरच्या बाईचा दिवस. पहाटे धारा, दूधगाडी गाठायची घाई, शेणघाण, झऱ्यावरचं पाणी, सरपण. भातलावणीला, कापणीला, काजूच्या दिवसांत बियांना खाली मजुरीला जायचं. परत यायला दिवेलागण. दुपारभर मूल म्हाताऱ्या सासूजवळ, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. ते रडलं की हाताशी असेल ते द्यायचं. कोरा चहा, त्यात बुडवलेला टोस्ट, पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. साखरेने भूक मरते, अंगाला काही लागत नाही. चहामुळे अन्नातलं लोहही नीट अंगी लागत नाही. ही दुपार तुमच्या डब्याने कशी भरून निघणार?

तुम्ही विचाराल, गवळ्याच्या घरात मूल दुधावाचून कसं? दूध हेच त्या घराचं रोख उत्पन्न आहे. त्यातूनच पेंड येते, मीठ-मिरची येते, औषधाला पैसे निघतात. सगळं दूध गाडीत जातं आणि घरात कोरा चहा उरतो, हे अनेक वाड्यांवर आहे. ‘पोरासाठी दूध का ठेवत नाही?’ असं विचारलंत तर ते आरोपासारखं लागेल. ‘वर्षावरच्या पोरासाठी सकाळची एक वाटी बाजूला ठेवायची तर काय अडतं?’ असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. काही घरांत काहीच अडत नसेल, कुणी तसं ठरवलेलं नसेल एवढंच. काही घरांत सावकाराची उचल असेल. त्या दोन घरांना एकच उपदेश चालणार नाही.

डब्यांकडेही याच नजरेने बघा. फळीवर न फोडलेला डबा म्हणजे ती वस्तू महागाची आहे, आजारपणाला, पाहुण्याला ठेवावी, असं त्या घराने ठरवलं. आजोबांनी पावडर घेतली, कारण आजोबाही खंगलेले असतील. साखर-चहापत्ती आणली, कारण त्या दिवशी घरात ती नव्हती. हातात अडचणीच्या दिवशी मोडता येणारी वस्तू आली तर गरीब घर ती मोडतंच, तुमच्या-माझ्या आजीनेही मोडली असती. ‘यांना पोरांची काळजी नाही’ हे वाक्य संघाच्या पुढच्या बैठकीत कुणी उच्चारलं तर तुम्ही ते थांबवावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. एकदा ते बोललं गेलं की पुढचा सगळा विचार बंद पडतो.

आणि हा काही वाड्यापुरता प्रश्न नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली पाच वर्षांखालची 35.4 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या 65.5 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी होतं. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी साधारण 11 टक्केच. एवढी सगळी मुलं गरिबांच्या घरची असूच शकत नाहीत. तुमच्या गल्लीत, संघातल्या बायकांच्या घरातही पातळ पेज आणि बिस्किटावर दुपार काढणारं एखादं नातवंड सापडेल. ते शोधलंत तर वाड्यावर बोलताना आवाज आपोआप बदलेल.

आता पावडर. बाजारात ‘ताकदीचे’ म्हणून मिळणारे पुष्कळ डबे म्हणजे मोठा भाग साखर आणि माल्ट. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ते नाहीतच. वाड्यावरच्या झऱ्याच्या पाण्यात, बाटलीतून दिले तर हगवण ओढवून घेणं आहे. एक गोष्ट मंडळांना, संघांना सहसा कुणी सांगत नाही: आईच्या दुधाऐवजी द्यायची दूध-पावडर आणि दुधाच्या बाटल्या वाटायला 1992 च्या कायद्याने मनाई आहे. 2003 मध्ये तो आणखी कडक झाला आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांना लागू आहे. अनाथालयासारखे अपवाद सोडले तर चांगल्या मनानेही ते दान करता येत नाही. तेव्हा डबे बंद करा. न फोडलेले दुकानदार परत घेत असेल तर त्याबदली तेल, मूगडाळ, अंडी घ्या.

वजनं वाढली नाहीत म्हणून खचू नका, पण त्या आकड्यांवर निवाडाही करू नका. दुसऱ्या वर्षात निरोगी मूलही वर्षभरात दोन-अडीच किलोच वाढतं, म्हणजे महिन्याला पावशेरसुद्धा नाही. पावसाळ्यात एक जुलाबाचा फेरा आला की तेवढं एका आठवड्यात उतरतं. स्वेटर घालून आणि काढून केलेल्या वजनातही तेवढा फरक पडतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लाल रंगातली नऊही मुलं सारखी आजारी नसतात. वयाच्या मानाने वजन कमी, एवढंच तो रंग सांगतो. मूल पूर्वीपासून बुटकं राहिलंय की आत्ता झपाट्याने वाळतंय, हे त्यातून कळत नाही. वाळणाऱ्या मुलाच्या जिवाला धोका असतो. ते ओळखायला दंडाची पट्टी आहे. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मिळते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मधोमध, न आवळता, ती गुंडाळायची. 11.5 सेंटीमीटरच्या खाली आलं तर तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 च्या मधे आलं तर लक्ष ठेवायचं. दोन्ही पायांवर सूज असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर पट्टी काहीही म्हणो, ते मूल त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवं. मूल निपचित पडलंय, खायला-प्यायला तोंड उघडत नाही, श्वास जोरात चाललाय, तरीही तसंच. 108 ला फोन करा. रस्त्यापर्यंत मूल उचलून आणायची सोय आधीच ठरवून ठेवा.

अशा मुलाला दाखल करायची गरज डॉक्टरांना वाटली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. आईसह साधारण चौदा दिवस राहावं लागतं. जेवण मिळतं, बुडालेल्या मजुरीपोटी काही पैसे देण्याचीही तरतूद आहे. तरीही आया जात नाहीत, गेल्या तर तिसऱ्या दिवशी परततात, आणि सगळे म्हणतात अडाणी आहेत. चौदा दिवस म्हशींच्या धारा कोण काढणार? मागच्या दोन मुलांना कोण बघणार? नवरा जनावरं घेऊन रानात. ताई, तुमच्या संघाचा पैसा सगळ्यांत मोलाचा इथे ठरेल. धारा काढायला चौदा दिवस एक गडी, मुलांना दोन वेळचं जेवण एखाद्या शेजारणीकडे, बेळगावला जायचं-यायचं भाडं, आणि मधे एकदा तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन भेटून येणं. हे झालं तर ती आई चौदा दिवस टिकेल.

पट्टीने धोक्यात नसलेल्या मुलांसाठी काय करायचं, ते तुमच्या वाड्यातच लिहिलेलं आहे. नऊपैकी दोन मुलं वाढली ना? त्या दोन घरांत जा आणि विचारू नका, नुसतं बघा. मूल कुणाजवळ असतं, किती वेळा खातं, वाटीत काय असतं, भरवण्याआधी हात कोण धुतं. व्हिएतनाममध्ये 1990 नंतरच्या वर्षांत जेरी आणि मोनिक स्टर्निन या जोडप्याने नेमकं हेच केलं. अतिगरीब गावांतही काही घरांतली मुलं धट्टीकट्टी होती. त्यांच्या आया भातखाचरातले बारीक खेकडे, कोळंबी आणि रताळ्याचा पाला पोरांच्या भातात घालत होत्या, आणि दोनच्या जागी तीन-चार वेळा भरवत होत्या. बाकीच्या आयांना ते त्या बायकांनीच शिकवलं, बाहेरच्या डॉक्टरांनी नाही. खेकडे, डोहातली बारीक मासळी, शेवग्याचा आणि तांदुळजाचा पाला तुमच्याकडे काय कमी आहे? आपल्याकडे ते मोठ्यांच्या कालवणात जातात आणि बाळाला ‘पचणार नाही’ म्हणून वरचं पाणी मिळतं.

या पाण्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण खानापूरच्या भातपट्ट्यात मला हे फार दिसतं. पेजेचं पाणी, वरणाचं पाणी, डाळीची निवळ, हे सगळं बाळाला ‘हलकं’ म्हणून देतात. त्याने पोट तट्ट होतं, पण आत जातं ते बहुतेक पाणीच. खायचं इतकं घट्ट असावं की चमचा तिरका केला तरी ओघळू नये. मऊ शिजवलेला भात आणि मूगडाळ बोटाने कुस्करून त्यात चमचाभर तेल किंवा तूप. शेंगदाणा नेहमी बारीक कुटूनच, अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकतो. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर त्या सत्त्वाची खीर घट्ट शिजवूनही मऊ राहते आणि बाळाला गिळायला सोपी जाते. हुलग्याचं माडगं, लाल भोपळा, केळं, अंडं. अंडं सातव्या महिन्यापासून, नीट उकडून. वर्षाच्या आत मध चाटवू नका. मीठ-तिखट घालण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढला तर वेगळा स्वयंपाकही करावा लागत नाही. आणि दूध पाजणं दोन वर्षांपर्यंत चालूच राहू द्या. ‘आता दात आले, बास’ असं सांगणाऱ्या थोरल्या बायकांना तुम्हीच समजवा, तुमचा मान त्या राखतील.

मात्र हे सगळं आईला शिकवून, ती दुपारी घरात नसेल तर उपयोग किती? पुन्हा तिच्या मागणीवर येऊ. दुपारी पोराला धरणारं कुणीतरी हवं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीची जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था जंगलातल्या गावांत ‘फुलवारी’ नावाची पाळणाघरं चालवते. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, सांभाळायला गावातलीच बाई, आणि दिवसात ठरलेल्या वेळी गरम खाणं. मोठी इमारत लागत नाही. तुमच्या वाड्यावर एखाद्या घराची सारवलेली पडवी, एक झाकणाचं पिंप, उकळलेलं पाणी, साबण, वाट्या-चमचे आणि एक जाड सतरंजी एवढ्यात सुरुवात होईल. दोन बायका ठेवा, एक थोरली आणि एक तरुण. त्या वाड्यावरच्याच हव्यात. गावातली बाई रोज पाऊण तास चढून जाईल हे पहिला महिनाभरच चालतं. त्यांना फुकट राबवू नका, मानधन द्या. नऊ डब्यांचे महिन्याचे पैसे कागदावर मांडून बघा, त्यातून बराच भाग निघेल. उरलेल्यासाठी वाड्यानेच मूठभर नाचणी, वाटीभर दूध दिलं तर ती सोय त्यांची स्वतःची होईल. देणाऱ्याचा हात सतत वर राहिला तर तुमची आणि त्यांची दोघांचीही फरफट होते.

ग्रामपंचायतीतही विचारा. रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी कर्नाटक सरकारने 2023 मध्ये ‘कूसिन मने’ ही पाळणाघरांची योजना जाहीर केली. तुमच्या पंचायतीत असं घर आहे का, नसेल तर मागता येईल का, हे ग्रामसभेत लेखी विचारा. वाड्यावरच्या दोन-तीन बायका बरोबर असू द्या. बोलू दे त्यांनाच.

अंगणवाडी सोडून स्वतःचं केंद्र काढायचा विचार मला अजिबात पटत नाही. तुमचा संघ आज आहे, पाच वर्षांनी वर्गणी निघेलच असं नाही. अंगणवाडीतला आहार हा त्या मुलांचा 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने मिळालेला हक्क आहे. साध्या मुलाला रोज 500 कॅलरीचा, तीव्र कुपोषित मुलाला 800 कॅलरीचा. तीन वर्षांखालच्या मुलांचा आहार घरी न्यायला मिळतो. क्षीर भाग्य योजनेतलं दूध आहे, गरोदर आणि बाळंतिणीला 2017 पासून मातृपूर्ण योजनेतलं गरम जेवण आहे. पण गरोदर बाईने त्या जेवणासाठी रोज जंगलातून उतरायचं आणि चढायचं, हे कागदावरच शक्य आहे. अडचण आहे ती इथे, आणि भांडायचं तर यासाठी भांडा. खानापूरच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना अर्ज द्या. डोंगराळ भागात 150 ते 300 लोकवस्तीला मिनी अंगणवाडी देण्याचे निकष आहेत. खेड्यातल्या वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुलं असतील तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश आहे. जवळपासचे दोन-तीन वाडे मिळून डोकी मोजा. आकडा भरला नाही तरी अर्ज द्या आणि आहार वर पोचवण्याची सोय मागा. अर्ज मराठीत लिहून खाली कन्नडमध्येही लिहा. गावातल्या हायस्कूलच्या मुलींना कन्नड येतं, त्या लिहून देतील. पोच घ्यायला विसरू नका.

भाषेचं दुखणं मला कळतं. आईच्या हातात दिलेलं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्या-लशींच्या नोंदीचं कार्ड, तिला वाचता येत नसेल तर लस कधी, वजन किती, हे तिला कोण सांगणार? हा प्रश्न खरा आहे आणि तो मांडत राहिलंच पाहिजे. पण तो सुटेपर्यंत बाळाला थांबता येत नाही. तेव्हा एक दुपार अंगणवाडीच्या बाईंबरोबर बसा. नऊ मुलांची नऊ पानं मराठीत करा: जन्मतारीख, झालेल्या लशी, पुढची तारीख, दंडाचं माप. ते पान आईच्या कार्डातच ठेवा. बाईंना वाड्यावर एकटीने जायला अवघड जात असेल तर तुम्ही सोबत जा आणि दुभाषी व्हा. आपल्या भागातल्या कन्नड बायकांना कामापुरतं मराठी कळतंच, आपल्यालाही कामापुरतं कन्नड कळतं. बाईंच्या मागे रजिस्टरं, मोबाइलवरच्या नोंदी, सर्वेक्षणं यांचा डोंगर आहे, मानधन बेताचं आहे. त्यांच्याविरुद्ध तक्रार करून तुम्हाला काय मिळणार? त्यांच्या बाजूने उभं राहिलात तर वाड्याला अंगणवाडी मिळायची शक्यता वाढते.

आजारपणाचं थोडक्यात. जुलाब लागले की पहिल्या पातळ शौचापासून ओआरएस, एका लिटर पाण्यात एक पुडी, आणि झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. खाणं बंद करायचं नाही, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वेळ जास्त भरवायचं. आशाताईंकडून लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा एक मिली, जीवनसत्त्व अ दर सहा महिन्यांनी, वर्षावरच्या मुलांना जंताची गोळी. मूल नीट खातंय तरी वाढत नाही, सारखं खोकतं, दूध पिताना निळं पडतं किंवा धापा टाकतं, तर घरातला क्षय आणि हृदयाचा दोष डॉक्टरांकडून तपासून घ्या. अशा मुलाला कितीही खाऊ घातलं तरी पुरणार नाही.

अशीच पत्रं निपाणीच्या तंबाखू-विडी कामगारांच्या वस्तीतून, खानापूरच्या वीटभट्ट्यांवरून, चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यातूनही येतात. तिथल्या वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे: काय वाटायचं हे ठरवण्याआधी दुपारी बारा ते चार मूल कुणाजवळ असतं ते बघून या. ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी एक जास्तीचं काम. मूल दुसऱ्या तालुक्यातलं असो की बीडचं, जिथे आहे तिथल्या अंगणवाडीत त्याचं नाव घालता येतं, अंगणवाडीच्या नोंदींचं जे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आहे त्यात तशी सोय आहे. ‘आमच्या यादीत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. मुकादमालाही बोलणीत घ्या. बायका कोपीवरून, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीवरून, कधी निघतात आणि कधी येतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

आणि ताई, वाड्यावरच्या बैठकीला फक्त आयांना बोलावू नका. सासवा हव्यात, नवरे हवेत. संध्याकाळी रानातून आल्यावर बापाने अर्धा तास पोराला भरवलं तर कमीपणा येत नाही, हे एखाद्या थोरल्या गड्याकडूनच वदवून घ्या. वाड्यावर गरोदर बाई असेल तर तिचं नाव आत्ताच लिहा. पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंतचे साधारण हजार दिवस सगळ्यांत मोलाचे, आणि पुढच्या वर्षीच्या लाल यादीत कोण येणार हे आज तिच्या ताटावर ठरतंय.

संघाची पुढची बैठक होण्याआधी दोन कामं उरका. आशाताईंना घेऊन नऊही मुलांचे दंड मोजा. 11.5 च्या खाली एकजरी निघालं तर बाकी सगळं थांबवून आधी ते मूल डॉक्टरांना दाखवा, आणि दाखल करायचं ठरलं तर त्या घराची चौदा दिवसांची सोय लावा. आणि त्या तरुण आईकडे पुन्हा जा. डबा न घेता जा. ‘तू म्हणालीस ते कळलं मला, दुपारचं पोराला धरायला तुझ्या वाड्यावर कोण चांगली आहे, सांग’ एवढंच विचारा. ती ज्या दोघींची नावं घेईल, त्यांनाच बैठकीला बोलवा.